एसएमपीएस टेस्टर: ‘नाही’ म्हणाला तर खरं, ‘हो’ म्हणाला तर थांबा

बटण दाबलं, पंखा फिरला, लोगो आला, विंडोजचे ठिपके दोन वेढे गोल फिरले आणि स्क्रीन काळी. पुन्हा पंखा, पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. असा पीसी घेऊन दुकानात गेलं की बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, दोनपैकी एक उत्तर ठरलेलं असतं: “विंडोज मारून घ्या” (म्हणजे नव्याने टाकून घ्या) नाहीतर “एसएमपीएस गेलाय की हो.” (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय.) पहिलं उत्तर चुकलं तर सी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा जातो. दुसरं चुकलं तर दोन-तीन हजार जातात आणि नव्या एसएमपीएसवरही पीसी तशाच उड्या मारतो. या दुसऱ्या उत्तराची शहानिशा घरच्या घरी करा, असं सांगत एलसीडीवाला पॉवर सप्लाय टेस्टर ऑनलाइन विकला जातो. तो कितपत कामाचा, तेवढंच इथे बघायचं आहे.

आधी नावाचा घोळ. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘टेस्टर द्या’ म्हटलं की निऑन दिव्याचा स्क्रूड्रायव्हर हातात पडतो. हा तो नव्हे. हा तळहाताएवढा डबा. कडेने एसएमपीएसच्या सगळ्या कनेक्टरांसाठी खाचा: २४ पिनांची मोठी, प्रोसेसरची ४ आणि ८ पिनांची, ग्राफिक्स कार्डाची, हार्डडिस्कच्या साटाची, तिच्याच जुन्या चार पिनांच्या मोलेक्सची. वर छोटी स्क्रीन. किंमत साधारण पाचशेपासून हजाराच्या आत. वर नाव कुठलंही छापलेलं असो, आतला माल बहुतेक एकाच घाटाचा.

वापरायला खरंच सोपा आहे. मेन स्विच बंद करून एसएमपीएसच्या सगळ्या वायरी मदरबोर्डावरून, हार्डडिस्कवरून, डीव्हीडीवरून काढायच्या. २४ पिनांचा कनेक्टर जुन्या बोर्डात घट्ट बसलेला असतो. त्याची जीभ दाबायची आणि कनेक्टरचं प्लास्टिक धरून, थोडं डावं-उजवं हलवत वर काढायचं. वायरींचा झुबका धरून ओढलं तर बोर्ड वाकतो. मग तो कनेक्टर टेस्टरात घालायचा आणि मेन स्विच चालू करायचा. एसएमपीएस चालू होण्यासाठी १६ नंबरची पिन, म्हणजे रंगीत वायरींच्या एसएमपीएसमधली हिरवी, काळ्या वायरीला जोडावी लागते. ते काम टेस्टर आतल्या आत करतो. पूर्वी यासाठी वाकवलेली स्टेपलरची पिन किंवा यू-क्लिप वापरायचे. तशी घालताना एक घर चुकलं तर काय होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना या डब्याची किंमत लगेच पटेल.

एक ‘पिप’ होते आणि स्क्रीनवर आकडे उमटतात. ५ व्होल्टच्या घरात ५.१, १२ च्या घरात १२.१, ३.३ च्या घरात ३.३, मग उणे १२, स्टँडबायचे ५, आणि कोपऱ्यात पीजी: २९० किंवा तसाच काही आकडा. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायसाठी ठरलेल्या नियमात १२, ५ आणि ३.३ या तिन्ही लाइनींना पाच टक्क्यांची सूट आहे. म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७ या हद्दीत हवी. उणे १२ ला दहा टक्के चालतात. शिवाय काही नव्या एसएमपीएसमध्ये ती लाइनच नसते, त्यामुळे त्या एका घरात ‘एलएल’ (व्होल्टेज फार कमी किंवा नाहीच) दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. बाकी कुठल्याही घरात ‘एलएल’ किंवा ‘एचएच’ (व्होल्टेज फार जास्त) लुकलुकलं आणि डबा ओरडायला लागला तर विषय संपला. तो एसएमपीएस पुन्हा बोर्डाला लावायचा नाही.

या डब्यातला सगळ्यात मोलाचा आकडा पीजीचा, म्हणजे ‘पॉवर गुड’चा. सगळी व्होल्टेज जागेवर आली की एसएमपीएस एका वेगळ्या वायरीवरून बोर्डाला ‘आता सुरू हो’ असं कळवतो. ती खूण साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत जायला हवी. खूण आलीच नाही तर बोर्ड नुसता पंखा फिरवत बसतो. येऊन मधेच गेली तर बोर्ड रिसेट होतो. चालू होताना पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होण्याचं हे एक नेमकं कारण, आणि साध्या मल्टिमीटरवर हा वेळ मोजता येत नाही. पैसे वसूल होतात ते या एका घरात.

दोन गोष्टी मात्र डब्यासोबतच्या चिटोऱ्यावर बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. २४ पिन कायम लावून ठेवायची आणि बाकीचे कनेक्टर एका वेळी एकच तपासायचे. दुसरी, प्रोसेसरचा ८ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला जुळे भाऊ, पण पिवळ्या आणि काळ्या वायरी एकमेकांच्या उलट बाजूला असतात. घरांचा आकार थोडा वेगळा असल्यामुळे चुकीच्या खाचेत तो सहज जात नाही. जात नसेल तर दाबायचा नाही.

आता या डब्याची खोट. तो एसएमपीएसला जवळपास रिकामाच चालवतो. आत थोडासा लोड असतो, पण खरा पीसी सुरू होताना जे ओढतो त्याच्यापुढे तो काहीच नाही. साडेतीन इंची हार्डडिस्क एकटी फिरायला लागताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर घेते. त्याच वेळी प्रोसेसर जागा होतो, पंखे सुटतात. विंडोजचे ठिपके फिरायला लागले की प्रोसेसरची भूक आणखी वाढते. रिकाम्या बैलगाडीचा कणा मोडत नाही, ऊस भरला की मोडतो. आतले कपॅसिटर सुकले की एसएमपीएसचं हेच होतं: लोड नसताना १२.१ दाखवणारी लाइन लोड पडला की अकरावर येते आणि बोर्ड रिसेट होतो. टेस्टर मात्र ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा. म्हणून याचं ‘नाही’ डोळे मिटून मानायचं आणि ‘हो’ अर्धंच.

स्क्रीनवर दशांशाचं एकच घर, हाही एक दोष. ३.३ व्होल्टच्या लाइनीची पूर्ण हद्दच ०.३३ व्होल्टची, तिथे ०.१ च्या मापाने काय कळणार?

सुकलेल्या कपॅसिटरची एक खूण टेस्टरशिवायही ओळखता येते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच गार असते. अशा सकाळी पीसी पाच-सहा वेळा रिस्टार्ट होतो, मग एकदाचा सुरू होतो आणि दिवसभर बिनतक्रार चालतो. दुपारी बंद करून लगेच चालू केला तर पहिल्या झटक्यात उठतो. कपॅसिटर गार असताना त्यांचा आतला रोध वाढतो आणि गरम झाले की उतरतो, म्हणून हा खेळ. असा पीसी दुकानात दुपारी नेला तर तिथे तो निमूट चालतो आणि दुकानदार म्हणतो, “काही झालेलं नाही.” तो खोटं बोलत नसतो.

मग लोडवर मोजायचं कसं? दोनशे-तीनशे रुपयांच्या डिजिटल मल्टिमीटरने. एसएमपीएस जागच्या जागी, सगळं जोडलेलं. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन मोकळ्या मोलेक्सच्या काळ्या वायरीत, लाल पिन पिवळीत. मग पीसी चालू करून डोळा मीटरवर ठेवायचा. लोगोच्या वेळी १२.०, ठिपके फिरताना ११.८ किंवा ११.७ दिसलं तर चालेल. ११.४ च्या खाली उतरून त्याच क्षणी रिस्टार्ट झाला तर चोर सापडला. मग लाल पिन लाल वायरीत घालून ५ ची लाइनही तशीच बघायची. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची घसरण त्याच्या नजरेतून सुटू शकते. मीटरला ‘मिन-मॅक्स’चं बटण असेल तर ते लावा. पिनांची टोकं एकमेकींना टेकणार नाहीत एवढं सांभाळा, बाकी धोका नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

मीटर हातात आहेच तर भिंतीतल्या सॉकेटचंही माप घ्या. ७५० व्होल्ट एसीवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त येत असेल तर अर्थिंग बघून घ्यायला हवं. वडगाव, शहापूर, खासबागकडे एकाच लाइनीवर यंत्रमाग आणि घरं असतील तर माग सुरू-बंद होतानाचे झटके पीसीलाही बसतात. उद्यमबागेजवळच्या घरांनी मोटरींचा विचार करावा. संध्याकाळी सातला रिस्टार्ट आणि रात्री अकराला ठीक, असा प्रकार असेल तर एसएमपीएसवर संशय घेण्याआधी सॉकेटचं व्होल्टेज दोन्ही वेळा मोजा. हेस्कॉमचा करंट गेल्यावर इन्व्हर्टरवर येतानाच पीसी उडत असेल तर इन्व्हर्टरचं ‘यूपीएस मोड’चं बटण बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ लागतो तेवढा एसएमपीएस तग धरत नाही. त्याच्या पोटात एका सायकलपेक्षाही कमी, १६-१७ मिलिसेकंदांची शिदोरी असते.

टेस्टर विकत घेण्याआधी एक फुकटची तपासणी करा: रिस्टार्ट नेमका कधी होतो ते घड्याळ लावून बघा. लोगो यायच्या आधीच, दोन-पाच सेकंदांत होत असेल तर एसएमपीएस, रॅम, पॉवर बटण किंवा कुठेतरी शॉर्ट. लोगोवर किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचं बोर्डाचं सेटिंगचं पान) नुसतं बसवून ठेवलं तरी होत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. विंडोज मारून घेणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा सदरा बदलणं. आणि बायोसमध्ये अर्धा तास ठीक राहतो, पण ठिपके फिरायला लागले की पडतो, तर मग दोन्ही शक्यता उरतात: विंडोज, किंवा लोड वाढल्यावर दमणारा एसएमपीएस.

लोगोच्या आधीच्या रिस्टार्टमध्ये सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे पुढचं पॉवर बटण. आत रुतून बसलेलं बटण बोर्डाला ‘चालू, बंद, चालू’ सांगत राहतं. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात बटणाचा पत्रा गंजतो. निपाणीकडे तंबाखूच्या वखारींजवळ बारीक भुकटी तिथे चिकटून बसते. तपासायला खर्च शून्य: बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून पॉवर स्विच आणि रिसेट स्विचच्या दोन्ही बारीक वायरी काढा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू होऊन टिकला तर दोष बटणाचा. तात्पुरतं रिसेटचं बटण पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येतं. पुढच्या यूएसबी पोर्टातली जीभ वाकलेली असेल तर तीही शॉर्ट करते. काही बोर्ड ‘यूएसबी ओव्हर करंट’ असा इशारा देऊन पंधरा सेकंदांत बंद होतात.

रॅमसाठी खोडरबर. पट्टी काढून सोनेरी पिनांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा आणि दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघायची, मग दुसरी, मग खाच बदलून. नव्या डीडीआर-५च्या मशीनवर मात्र पहिल्यांदा किंवा रॅम बदलल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन राहते, कधी एक-दोनदा आपोआप रिस्टार्टही होतो. ते रॅमचं ‘ट्रेनिंग’ असतं. तिथे घाईने बटण दाबणारेच अडचण वाढवतात.

प्रोसेसरचा पंखा ढिला असेल किंवा पेस्टचा खडू झाला असेल तर बायोसमध्येच तापमान चढताना दिसतं, मिनिटाभरात ९० च्या पुढे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर बेअरिंग जातं.

विंडोजचा दोष असेल तर टेस्टरचं तिथे काही काम नाही, पण पायऱ्या माहीत असाव्यात. ठिपके फिरताना पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीच्या पानावर नेतं. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादीतून ९ नंबर: बिघाडानंतर आपोआप रिस्टार्ट होणं बंद. आता निळी स्क्रीन (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) पळून न जाता थांबते आणि कोड वाचता येतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर आधी रॅम. ‘व्हीया अनकरेक्टेबल’ असेल तर हार्डवेअर. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर आधी बायोसमधलं घड्याळ बघा. तारीख जुनी दाखवत असेल तर बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. ती गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातो, साटाचा मोड बदलतो आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. चाळीस-पन्नास रुपयांची बॅटरी घालून मोड पूर्वीचा केला की काम झालं. अशा मशीनवर विंडोज मारून पैसे घेणारे कमी नाहीत. आणि दुरुस्तीच्या पानाने ४८ आकडी बिटलॉकर की मागितली तर ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती हाती येईपर्यंत कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

पीसी कसाबसा सुरू होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे ‘कर्नल-पॉवर ४१’ शोधा. त्याच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला मरायलाही वेळ मिळाला नाही: करंटच तुटला किंवा बोर्ड रिसेट झाला. शून्याऐवजी आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे. एसएमपीएसच्या बाजूने किंवा विरुद्ध हा पुरावा टेस्टरच्या ‘पास’पेक्षा भारी आहे.

आणि एसएमपीएसच ठरला तर नवा घेताना डब्यावरचं ‘४५० वॅट’ वाचू नका, बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर असतील तर १२ गुणिले १५, म्हणजे त्या लाइनीवर १८० वॅट. स्वस्त लोकल मालात हेच सापडतं. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ४५० वॅटचा डबा अडीच ते साडेतीन हजारांत येतो आणि त्याच रकान्यात तीसच्या पुढे अँपिअर दाखवतो. वॉरंटीचा माल बदलून कुठे मिळतो, कोल्हापूर, हुबळी की थेट बंगळूर, हे बिल करण्याआधीच विचारा. बिल कानडीत असलं तरी चालेल, त्यावर सिरीयल नंबर हवा.

हा टेस्टर कुणी घ्यावा? शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या सरांनी, चार-पाच मशीनच्या डीटीपीवाल्याने, सायबरवाल्याने आणि हौसेने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पीसी उघडणाऱ्याने जरूर घ्यावा. मेलेला एसएमपीएस तीस सेकंदांत वेगळा काढता येतो, पीजी कळतो, बोर्ड सुरक्षित राहतो. पाचपैकी साडेतीन. घरात एकच पीसी असेल तर ते पैसे मल्टिमीटर, खोडरबर आणि बॅटरीवर घाला, थोडे उरतीलही.

सेकंडहँड ऑफिसच्या मशीनवाल्यांसाठी वेगळी सूचना. डेल, एचपी, लेनोव्होच्या अशा बऱ्याच डेस्कटॉपांत २४ पिनांचा कनेक्टर नसतोच. ६, ८, १० किंवा १४ पिनांचा त्यांचा स्वतःचा असतो आणि तो या डब्यात बसत नाही. ऑर्डर देण्याआधी कॅबिनेटचं झाकण काढा आणि बोर्डावरच्या मोठ्या कनेक्टरच्या पिना मोजा.